स्पेशल एनर्जी काय देते आणि काय मागते: कार्ड गेममधली चिन्हं वाचण्याची रीत

पोकेमॉनचं किंवा मॅजिकचं पाकीट फुटलं की सगळ्यांची नजर आधी चमकणाऱ्या कार्डावर जाते. एनर्जी किंवा लँड, म्हणजे हल्ल्याची नाहीतर कार्डाची किंमत भागवणारं कार्ड, निघाली की ती बाजूला पडते. कोथरूडला आमच्या सोसायटीत रविवारी मुलं आपापले डबे घेऊन जमतात, तेव्हाही असंच चालतं. ड्रॅगनच्या बदल्यात ड्रॅगन जातो आणि एनर्जीची कार्डं डब्याच्या तळाशीच राहतात. डेक कसा आहे हे बघायचं असेल तर मी आधी ती तळाची कार्डं मागतो. हल्ला किती मोठा आहे ते कार्डावर छापलेलंच असतं. तो दुसऱ्या टर्नला होणार की पाचव्या, हे मात्र एनर्जी ठरवते.

हा लेख त्या कार्डांबद्दल आहे. साधी कोणती, विशेष कोणती, त्यांवरची चिन्हं कशी वाचायची, डेकमध्ये किती घ्यायची आणि विकत घेताना काय तपासायचं, हे सगळं क्रमाने सांगतो. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. साधं कार्ड थोडं देतं आणि बदल्यात काही मागत नाही. विशेष कार्ड जास्त देतं, पण कुठे ना कुठे त्याची वसुली करतं. ती वसुली कुठे होते हे सापडेपर्यंत ते कार्ड डेकमध्ये घालू नका.

आधी ढीग वेगळे करा

डबा रिकामा करा आणि पोकेमॉनची सगळी एनर्जी कार्डं टेबलावर मांडा. सध्याच्या खेळात बेसिक एनर्जी आठ प्रकारची आहे: गवत, आग, पाणी, वीज, सायकिक, फायटिंग, डार्कनेस आणि मेटल. या कार्डांवर मोठं चिन्ह असतं आणि नियमाचा मजकूर नसतो. ज्या एनर्जीवर वाचण्यासारखा मजकूर आहे, ती स्पेशल. अलीकडच्या कार्डांवर तसा शब्दही छापलेला असतो, पण जुनी कार्डं हाताळताना मजकुराची खूण जास्त भरवशाची.

हा भेद जुन्या कार्डांत का महत्त्वाचा, ते सांगतो. १९९६ मध्ये जपानात हा खेळ आला तेव्हा मूळ रंग सहाच होते. डार्कनेस आणि मेटल २००० च्या निओ जेनेसिस संचात आले आणि तेही स्पेशल एनर्जी म्हणून. डेकमध्ये चारच घालता यायच्या. २००७ च्या डायमंड अँड पर्ल संचापासून या दोघांची बेसिक कार्डं आली. त्यामुळे मोठ्या भावाच्या डब्यातून उतरलेलं डार्कनेसचं कार्ड आणि आज पाकिटातून निघालेलं डार्कनेसचं कार्ड, दोन्हींवर चिन्ह एकाच कुळातलं असलं तरी नियम वेगळे असू शकतात. चिन्ह ओळखीचं वाटलं म्हणून पुढे जाऊ नका, मजकूर आहे का ते बघा.

गुलाबी फेअरीचं चिन्ह दिसलं तर ते कार्ड एक्सवाय या संचमालिकेच्या काळातलं किंवा त्यानंतरच्या काही वर्षांतलं आहे. २०२० च्या सोर्ड अँड शील्डपासून नव्या कार्डांवर हा प्रकार येत नाही. आणि ड्रॅगन एनर्जी शोधत बसू नका, ड्रॅगनची बेसिक एनर्जी कधी निघालीच नाही. ड्रॅगन प्रकारातल्या पोकेमॉनच्या हल्ल्यांना बहुतेकदा दोन वेगळ्या रंगांची एनर्जी लागते, म्हणून तर ते चालवायला अवघड.

मॅजिकची कार्डं असतील तर ढीग करायची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे चित्राखालची ओळ वाचायची. त्या ओळीत ‘बेसिक’ हा शब्द असेल तर ती बेसिक लँड: प्लेन्स, आयलंड, स्वॉम्प, माउंटन, फॉरेस्ट. बाकी सगळ्या लँड विशेष. या एका शब्दावर पुढे बरंच काही अवलंबून आहे, त्याकडे परत येऊच.

दोन्ही खेळांत मर्यादा सारखीच आहे. ६० कार्डांच्या डेकमध्ये एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात आणि बेसिक एनर्जी किंवा बेसिक लँड हव्या तितक्या. विशेष कार्डाची पहिली वसुली इथेच होते: ती चारच मिळतात.

पोकेमॉनच्या किमतीचं चिन्ह वाचणं

हल्ल्याच्या डावीकडे गोलांची रांग असते. रंगीत गोल म्हणजे त्याच रंगाची एनर्जी हवी. पांढऱ्या गोलातली चांदणी म्हणजे कलरलेस, तिथे कुठलीही एनर्जी चालते. म्हणजे ‘आग, चांदणी, चांदणी’ अशी किंमत असेल तर एक आगीची हवीच, बाकी दोन कशाच्याही.

इथे नवशिका गोंधळतो, कारण चांदणी दोन ठिकाणी येते. किमतीत ती ‘काहीही चालेल’ असं सांगते. स्पेशल एनर्जीच्या मजकुरात आली तर ‘मी फक्त कलरलेस देते’ असं सांगते. चांदणी देणारी एनर्जी आगीच्या जागी चालत नाही. एवढं एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

एक कार्ड जवळून: डबल टर्बो एनर्जी

२०२२ च्या ब्रिलियंट स्टार्स संचातलं हे कार्ड अजून बऱ्याच मुलांच्या फोल्डरमध्ये असतं, म्हणून तेच घेऊ. मजकुराचे दोन भाग आहेत. पहिला: हे कार्ड पोकेमॉनला जोडलेलं असताना दोन कलरलेस एनर्जी देतं. दुसरा: ज्याला जोडलं त्याचे हल्ले समोरच्या पोकेमॉनला २० ने कमी नुकसान करतात, आणि ही वजाबाकी वीकनेस (ज्या रंगाचा मार जास्त बसतो) व रेझिस्टन्स (ज्याचा कमी बसतो) मोजण्याआधी होते.

काय मिळालं ते आधी बघू. पोकेमॉनमध्ये हातातून एका टर्नला एकच एनर्जी जोडता येते. ‘आग, चांदणी, चांदणी’ हा हल्ला बेसिकवर तीन टर्नचा. एक आग आणि एक डबल टर्बो लावली तर दोन टर्नचा. पूर्ण एक टर्न वाचला, आणि या खेळात एक टर्न म्हणजे फार मोठी कमाई.

आता वसुली. हल्ला १२० चा असेल तर १०० चा होतो, हे सगळ्यांना दिसतं. ‘आधी’ या शब्दाकडे मात्र फार थोडे बघतात. समोरच्याला आगीची दुप्पट वीकनेस आहे असं धरा. बेसिक एनर्जीवर १२० चे २४० झाले असते. डबल टर्बोवर १२० मधून २० गेले, राहिले १००, दुप्पट करून २००. वजाबाकी २० ची छापलेली आहे, फटका ४० चा बसला. समोरच्याचे एचपी, म्हणजे जीवाचे गुण, २२० असतील तर तो वाचला आणि पुढच्या टर्नला तुमचा पोकेमॉन गेला.

दुसरी वसुली मजकुरात लिहिलेलीच नाही. अॅक्टिव्ह, म्हणजे पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला मागे घ्यायची किंमत एक चांदणी असेल आणि त्याच्या अंगावर फक्त डबल टर्बो असेल, तर ते आख्खं कार्ड टाकावं लागतं. पाचशेची नोट दिली आणि रिक्षावाल्याकडे सुटे नाहीत, तसा प्रकार. दोन एनर्जी गेल्या, किंमत होती एकाची.

मग घालायची का? हल्ल्याच्या किमतीत दोन किंवा जास्त चांदण्या असतील, पोकेमॉन फारसा मागे घ्यायचा नसेल आणि २० कमी होऊनही नेहमीच्या प्रतिस्पर्ध्यांचे एचपी संपत असतील, तर जरूर घाला. पोकेमॉनचा हल्ला मुळात नुकसान करणारा नसून कार्डं ओढणारा असेल, तर वजाबाकी तुम्हाला लागतच नाही. तिथे हे कार्ड सोनं आहे. बाकी ठिकाणी बेसिक बरी.

हीच चिकित्सा प्रत्येक स्पेशल एनर्जीची करायची. २००० च्या टीम रॉकेट संचातली रेनबो एनर्जी कुठलाही रंग देते, पण जोडताना पोकेमॉनला १० चं नुकसान करते. जेट एनर्जी बेंचवरच्या, म्हणजे मागे थांबलेल्या पोकेमॉनला हातातून जोडली की त्याला थेट पुढे आणते, पण देते फक्त एक चांदणी, म्हणजे रंगाचं काम होत नाही. २०१८ मध्ये आलेल्या प्रिझम स्टारच्या कार्डांवर नावाशेजारी चौकटच्या पानासारखं काळं चिन्ह असतं. त्या नावाचं डेकमध्ये एकच चालतं आणि ते टाकायची वेळ आली की डिस्कार्डमध्ये, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगात न जाता लॉस्ट झोनमध्ये जातं, म्हणजे कायमचं. आणि ‘एस स्पेक’ असं लिहिलेलं कार्ड असेल तर नाव कुठलंही असो, पूर्ण डेकमध्ये असं एकच. २०१२ मध्ये आलेला हा प्रकार २०२४ च्या टेम्पोरल फोर्सेस संचात परतला, तेव्हा त्यात एनर्जीही आल्या. त्याच संचातली निओ अप्पर एनर्जी स्टेज २ च्या, म्हणजे दोनदा उत्क्रांत झालेल्या पोकेमॉनला कुठल्याही रंगाच्या दोन एनर्जी देते, इतर कुणाला लावली तर एक चांदणी.

एकच चालणाऱ्या कार्डाची वसुली गणितात होते. डाव सुरू होताना ६० पैकी ६ कार्डं प्राइझ म्हणून बाजूला जातात. म्हणजे तुमचं एकुलतं एक कार्ड दहातल्या एका डावात सुरुवातीपासूनच अडकलेलं असणार. अख्खा डेक त्याच्या भरवशावर बांधू नका.

शोधून आणणारी आणि उपटून टाकणारी कार्डं

स्पेशल एनर्जीचा सगळ्यात मोठा तोटा तिच्या स्वतःच्या कार्डावर लिहिलेला नसतो, तो दुसऱ्याच कार्डांवर असतो. अर्दन व्हेसल हातातलं एक कार्ड टाकून डेकमधून दोन एनर्जी आणतं, पण बेसिकच. एनर्जी रिट्रीव्हल डिस्कार्डमधून दोन परत देतं, तीही बेसिक. ‘एनर्जी’च्या आधी ‘बेसिक’ हा शब्द आहे का, ते प्रत्येक कार्डावर बोट ठेवून बघा. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलाने चार स्पेशल आणि चार अर्दन व्हेसल असा डेक आणला होता. ‘दादा, ही शोधायला चार आहेत ना!’ म्हणाला. एकही व्हेसल त्याच्या स्पेशलला हात लावू शकत नव्हतं. आम्ही तिथेच बसून सहा बेसिक घातल्या आणि डेक लगेच चालू लागला.

उलट बाजूने, एनहान्स्ड हॅमर हे आयटम कार्ड समोरच्या पोकेमॉनवरची एक स्पेशल एनर्जी टाकायला लावतं, नाणं न उडवता. बेसिकवर त्याचा काही परिणाम नाही. तुमच्या नेहमीच्या गटात हॅमर चालतो का, हे माहीत असू द्या.

किती घ्यायच्या

डेकमध्ये १० एनर्जी असतील तर पहिल्या ७ कार्डांत किमान एक येण्याची शक्यता साधारण ७४ टक्के असते. चारांतल्या एका डावात हातात एकही नाही. १४ असतील तर ८६ टक्के. आणि चारच प्रती असलेली एखादी स्पेशल एनर्जी पहिल्या सातांत दिसण्याची शक्यता फक्त ४० टक्के. म्हणजे ‘पहिल्या टर्नला डबल टर्बो लावायची’ ही योजना निम्म्याहून जास्त वेळा फसते, शोधून आणणारं कार्ड हातात नसेल तर.

पोकेमॉनमध्ये एनर्जी नाही म्हणून हात बदलता येत नाही, हेही विसरू नका. मलिगन, म्हणजे हात बदलणं, फक्त हातात बेसिक (थेट खेळता येणारा) पोकेमॉन नसेल तर, आणि तेव्हा समोरच्याला एक जादा कार्ड ओढता येतं. मॅजिकमध्ये मात्र लँडसाठी हात परत करता येतो: २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पुन्हा सात ओढायची आणि जितक्यांदा परत केलं तितकी कार्डं तळाशी ठेवायची.

माझी पद्धत अशी. आधी सगळा डेक बेसिकवर बांधायचा आणि तसाच काही डाव खेळायचा. कुठल्या क्षणी एनर्जी कमी पडते ते कागदावर लिहायचं: रंग मिळत नाही, की संख्या पुरत नाही, की चुकीचा पोकेमॉन पुढे अडकतो? रंगाचा त्रास असेल तर अनेक रंग देणारी स्पेशल, संख्येचा असेल तर दोन देणारी, अडकण्याचा असेल तर जेटसारखी. आणि मग बेसिकपैकी एकेक काढून एकेक घालायची. कार्ड विकत घ्यायच्या आधी घरी कागदाची चिठ्ठी स्लीव्हमध्ये घालून खेळून बघा. घरच्या सरावाला चिठ्ठी पूर्ण चालते आणि पैसे वाचतात.

मॅजिकची चिन्हं

रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ १९९३ चा, आणि संसाधनाचं कार्ड वेगळं ठेवण्याची पद्धत रुळली ती याच्यामुळे. लँडमधून मिळणाऱ्या शक्तीला माना म्हणतात. तिच्या पाच रंगांची पाच चिन्हं: पांढऱ्याला सूर्य, निळ्याला थेंब, काळ्याला कवटी, लालला ज्वाळा, हिरव्याला झाड. डेकच्या याद्यांत निळ्यासाठी इंग्रजी यू अक्षर दिसेल. बी काळ्याला दिलं आणि एल लँडसाठी राहिलं म्हणून.

करड्या गोलातला आकडा म्हणजे तितका माना, कुठल्याही रंगाचा. चौकटच्या पानासारखं टोकदार चिन्ह म्हणजे रंगहीन मानाच, रंगीत चालणार नाही. हे चिन्ह जानेवारी २०१६ च्या ओथ ऑफ द गेटवॉच संचात आलं, आणि त्याचबरोबर वेस्ट्स ही रंगहीन माना देणारी बेसिक लँडही. त्याआधी रंगहीन माना देणाऱ्या कार्डांवर करडा आकडाच छापत. म्हणून जुन्या सोल रिंगवर ‘२’ दिसेल आणि नव्यावर दोन चौकटी, काम एकच. जुन्या कार्डावर करडा आकडा ‘मिळतो’ या बाजूला असेल तर तो रंगहीन माना समजा, ‘द्या’ या बाजूला असेल तर कुठलाही.

अर्ध्या-अर्ध्या दोन रंगांचा गोल म्हणजे हायब्रिड, दोघांपैकी कुठलाही एक द्या. २००५ च्या रॅव्हनिका संचापासून तो आहे. हिमकणाचं चिन्ह असेल तर माना बर्फाच्या स्रोतातूनच यायला हवा. बर्फाळ बेसिक लँड १९९५ च्या आइस एजपासून आहेत, किमतीतलं चिन्ह २००६ च्या कोल्डस्नॅपपासून. आणि गोलाला उभी रेघ छेदते तसं फायरेक्सियन चिन्ह: त्या रंगाचा माना द्या किंवा २ लाइफ, म्हणजे तुमच्याच जीवाचे दोन गुण. २०११ मध्ये न्यू फायरेक्सिया आला तेव्हा २ लाइफ ही फार स्वस्त किंमत ठरली. लाइफ देऊन रंगाची अटच टाळता येते, म्हणून कुठल्याही रंगाचा डेक ही कार्डं घालू लागला. गिटॅक्सियन प्रोब या कार्डावर मॉडर्न या स्पर्धाप्रकारात २०१७ मध्ये बंदी आली ती याच स्वस्ताईमुळे. वसुली पुरेशी नसेल तर काय होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वाकडा बाण म्हणजे कार्ड आडवं करा, टॅप. तो बाण आणि पुढे माना असं लिहिलं असेल तर वेगळी किंमत नाही. बाणाबरोबर आणखी काही लिहिलं असेल तर तिथेच वसुली आहे.

आता त्या ‘बेसिक’ शब्दाकडे. टेम्पल गार्डन ही लँड हिरवा किंवा पांढरा माना देते. टेबलावर येताना २ लाइफ द्या, नाहीतर ती टॅप होऊनच येते, म्हणजे त्या टर्नला वापरता येत नाही. तिच्या ओळीत ‘फॉरेस्ट प्लेन्स’ असं लिहिलेलं आहे, पण ‘बेसिक’ नाही. विंडस्वेप्ट हीथ १ लाइफ देऊन आणि स्वतःचा बळी देऊन डेकमधून फॉरेस्ट किंवा प्लेन्स आणते. ती प्रकार बघते, म्हणून टेम्पल गार्डन आणू शकते. इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्सवर मात्र ‘बेसिक लँड’ असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून टेम्पल गार्डन तिच्या आवाक्याबाहेर. तिन्ही कार्डं समोर ठेवून ती ओळ वाचा, पाच मिनिटांत कायमचं लक्षात राहील. हॅमरसारखी शिक्षाही इथे आहेच: ब्लड मून समोर आला की बेसिक नसलेली प्रत्येक लँड माउंटन होऊन बसते. लाल माना खंडीभर, हिरवा शून्य. म्हणून दोन रंगांच्या डेकमध्येही काही खऱ्या बेसिक लँड हव्यात.

मोजणी अशी करा. ६० च्या डेकला २४ लँड ही चांगली सुरुवात, ४० च्या ड्राफ्टला (तिथेच पाकिटं फोडून बांधलेल्या डेकला) १७. डेकमधल्या सगळ्या कार्डांच्या किमतीतली रंगीत चिन्हं मोजा. समजा पांढरी १८ आणि हिरवी १२ निघाली. २४ लँड त्याच प्रमाणात वाटल्या तर १४ प्लेन्स आणि १० फॉरेस्ट. आता त्यांतल्या ४ जागी दोन रंगांच्या लँड घाला आणि ११ प्लेन्स, ९ फॉरेस्ट ठेवा. पांढऱ्याचे स्रोत १५ झाले, हिरव्याचे १३. लँड तितक्याच, स्रोत चार वाढले. मग पहिल्या-दुसऱ्या टर्नला खेळायची कार्डं कुठल्या रंगाची आहेत ते बघून एखादी इकडची तिकडे करा. टॅप होऊन येणाऱ्या लँड पहिल्या टर्नला टाका, तेव्हा तसंही फारसं काही खेळायचं नसतं.

बाकीचे खेळ, थोडक्यात

वन पीसमध्ये डॉन कार्डांचा १० चा वेगळाच डेक असतो. दर टर्नला दोन येतात, पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला एक. ती आडवी करून किंमत द्या किंवा एखाद्या पात्राला जोडून त्या टर्नपुरती १००० ची ताकद वाढवा. इथे कार्ड येईल की नाही ही काळजी नाही, कुठे खर्चायचं हाच प्रश्न. लॉर्कानामध्ये किमतीच्या आकड्याभोवती नक्षीदार वलय असेल तर ते कार्ड उलटं ठेवून शाई करता येतं. वलय नसेल तर नाही. डेक बांधताना वलय नसलेली कार्डं वेगळी मोजा, ती जास्त झाली तर हात भरलेला आणि शाई कोरडी. फ्लेश अँड ब्लडमध्ये लाल कार्ड १ देतं, पिवळं २, निळं ३, आणि एकाच नावाचं लाल कार्ड सहसा सगळ्यात जोरदार असतं. यू-गि-ओ खेळणाऱ्यांकडे एनर्जीसारखं कार्डच नसतं, त्यांचा लगाम म्हणजे टर्नला एकच नॉर्मल समन, म्हणजे हातातलं पात्र मैदानात उतरवण्याची साधी खेळी. फोनवरच्या पोकेमॉन पॉकेटमध्येही एनर्जी डेकमध्ये नसते, आपोआप तयार होते. तिथून टेबलावर आलेल्या मुलांना म्हणूनच एनर्जी मोजायची सवय नसते, त्यांच्याशी सबुरीने घ्या.

पुण्यात घेताना

शाळेबाहेरच्या स्टेशनरीत आणि तुळशीबागेसारख्या बाजारात दहा-वीस रुपयांची पाकिटं मिळतात, सोनेरी कार्डंही. ती जवळजवळ सगळी नकली असतात. मुलांना ती आवडतात, आवडू द्या, पण स्पर्धेच्या डेकमध्ये किंवा अदलाबदलीत खऱ्याच्या भावाने ती येता कामा नयेत. खरी धातूची कार्डं फार थोडी निघाली आहेत आणि तीही महागड्या संचांतून.

ओळखायला चिन्हंच सगळ्यात सोपी. नकली कार्डात एनर्जीचा गोल मध्यावर नसतो, आतली आकृती पुसट असते, पोकेमॉनचा रंग एक आणि हल्ल्याची किंमत भलत्याच रंगाची असते. ‘पोकेमॉन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या ई वरची तिरकी रेघ गायब असते. मागची निळाई फिकट किंवा जांभळट दिसते. घरातलं एक नक्की खरं बेसिक एनर्जी कार्ड खिशात ठेवा आणि शेजारी धरून बघा. फोनच्या टॉर्चवर दोन्ही धरा: नकली कार्डातून उजेड बहुधा जास्त आरपार येतो.

मॅजिकसाठी सराफ वापरतात तसं भिंग घ्या. कार्डाच्या मागे पाच रंगांचे पाच ठिपके आहेत. त्यातल्या हिरव्यावर भिंग धरलं की खऱ्या कार्डात चार बारीक लाल ठिपके इंग्रजी एल अक्षराच्या आकारात दिसतात. नकली छपाईत ते बहुतेकदा नसतात किंवा धुरकट असतात. महागडी लँड घेताना एवढ्या एका खुणेवर थांबू नका, टॉर्च आणि शेजारचं खरं कार्ड हेही करा.

बेसिक एनर्जी आणि बेसिक लँड मात्र विकत घ्यायची घाई नको. शहरातल्या बोर्ड गेम कॅफेत खेळणाऱ्यांकडे त्यांचे गठ्ठे पडून असतात आणि मागितलं तर बहुतेक जण हसत देतात. पैसे स्पेशलवर घाला, आणि त्याआधी पोकेमॉन कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं चौकटीतलं अक्षर बघा. ते रेग्युलेशन मार्क. स्टँडर्ड प्रकारात ठरावीक अक्षरंच चालतात आणि जुनी अक्षरं क्रमाने बाद होतात. डबल टर्बोवरचं एफ २०२५ मध्ये बाद झालं. घरी ती खुशाल खेळा, स्टँडर्ड स्पर्धेत ती चालत नाही. बेसिक एनर्जीला ही अडचण नाही, बाद झालेल्या काळातल्या बेसिकही चालतात.

स्लीव्ह आणि पावसाळा

पोकेमॉन, मॅजिक, लॉर्काना आणि वन पीसची कार्डं ६३ बाय ८८ मिलिमीटरची, यू-गि-ओची ५९ बाय ८६ ची. स्लीव्ह मागवताना हे आकडे सांगा. अप्पा बळवंत चौकात मिळणारे साधे प्लॅस्टिकचे फोल्डर वह्या-कागदांना ठीक, पण पीव्हीसीचे असतील तर कार्डं चिकटतात. पीव्हीसी नसलेले, बाजूने उघडणारे कप्पे घ्या.

जून ते सप्टेंबर फॉइल कार्डांचे हाल होतात. कागदाचा थर हवेतला ओलावा शोषून फुगतो, फॉइलचा थर फुगत नाही, आणि कार्ड कमानीसारखं वाकतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका.

एनर्जीच्या बाबतीत हे जास्त सांभाळावं लागतं. डेकमध्ये फक्त स्पेशल एनर्जी फॉइलच्या असतील आणि त्या वाकल्या, तर गठ्ठ्यात त्या कुठे आहेत हे बाजूने दिसतं. त्याला खुणेची कार्डं म्हणतात, आणि हेतू नसला तरी स्पर्धेत जज दंड करू शकतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री डेक सपाट टेबलावर ठेवा, डोळे कडेच्या पातळीवर आणा आणि फट दिसते का बघा. दिसली तर तेवढ्या चार फॉइल काढून त्याच नावाची साधी कार्डं घाला. मग यादी लिहा, आणि स्पेशल एनर्जीपुढे नाव, संचाचा कोड आणि क्रमांक तिन्ही लिहा.